ऑफिसच्या मेलला राखणदार आहे, गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपला कोण?

नांदेड : ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात एका सरकारी कर्मचाऱ्याच्या व्हॉट्सॲपवर लग्नाचं आमंत्रण आलं. 30 ऑगस्टला लग्न आहे, नक्की या, असा मजकूर आणि खाली पत्रिकेची फाईल. वरून पीडीएफसारखी दिसणारी ही फाईल प्रत्यक्षात मोबाईलमध्ये बसणारं ॲप होतं. कर्मचाऱ्यानं ती उघडली आणि खात्यातून सुमारे 1 लाख 90 हजार रुपये गेले. बातमी देशभर छापून आली. लोक चार दिवस बोलले आणि विसरले.

या प्रकरणातली एक गोष्ट मात्र कुणी फारशी बोलली नाही. हीच फाईल, हेच आमंत्रण त्याच माणसाला ई-मेलनं पाठवलं असतं तर ते बहुतेक त्याच्यापर्यंत पोचलंच नसतं. मेल पाठवणाऱ्याकडंच अडकलं असतं, नाहीतर मधल्या वाटेवर. व्हॉट्सॲपवर ते दोन सेकंदांत आलं.

असं का होतं, ते नीट समजून घ्यायला पाहिजे. कारण आपल्या तालुक्यांमध्ये आज अतिवृष्टीच्या अनुदानाची यादी, पीएम किसानची केवायसी, पीकविम्याचा फॉर्म, लाडक्या बहिणीचं काम, शाळेची सूचना, पाणीपट्टी असं सगळंच व्हॉट्सॲपवर चालतं. मेल कुणी उघडत नाही. म्हणजे जिथं राखण आहे तिथं आपण नाही, आणि जिथं आपण आहोत तिथं राखण नाही.

मेलच्या वाटेवर काय तपासलं जातं

मोठ्या ऑफिसात, बँकेत, सरकारी खात्यात मेल सरळ माणसाच्या कॉम्प्युटरवर जात नाही. आधी तो सर्व्हरवर उतरतो. मार्केट यार्डात गाडी आली की गेटवर पावती होते, मग काटा, मग माल बघणं. तशीच इथं एकामागून एक तपासणी होते.

पहिली तपासणी पाठवणाऱ्याची. मेल स्टेट बँकेच्या नावानं आला, तर तो खरंच त्या बँकेनं नेमून दिलेल्या सर्व्हरवरून निघाला का, त्यावर बँकेची डिजिटल खूण आहे का, हे सर्व्हर आपोआप पडताळून बघतो. नाव एकाचं आणि गाडी दुसऱ्याची असेल तर संशय धरतो.

दुसरी तपासणी फाईलच्या नावाची. नावाच्या शेवटी टिंबानंतर जी अक्षरं असतात, त्यावरून फाईल कशाची आहे ते कळतं. पीडीएफ म्हणजे वाचायचा कागद, जेपीजी म्हणजे फोटो, ईएक्सई म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारा प्रोग्राम, एपीके म्हणजे ॲन्ड्रॉईड मोबाईलचं ॲप. कागद आणि फोटो सहसा जाऊ देतात. प्रोग्राम मेलमधून पाठवायचं साध्या कर्मचाऱ्याला काही काम नसतं, म्हणून तो अडवतात. जीमेलच्या बंदी असलेल्या फाईलींच्या यादीत ईएक्सईही आहे आणि एपीकेही आहे. त्या झिप करून, म्हणजे गाठोड्यात बांधून पाठवल्या तरी जीमेल गाठोडं सोडून बघतो आणि अडवतो.

तिसरी तपासणी आतल्या मालाची. नाव तर कुणीही बदलू शकतो. पोत्यावर सोयाबीन लिहून आत माती भरता येते. पण प्रत्येक प्रकारच्या फाईलची सुरुवात ठरलेली असते. खऱ्या पीडीएफच्या सुरुवातीला पीडीएफ हीच अक्षरं लिहिलेली असतात. विंडोजच्या प्रोग्रामची सुरुवात एम आणि झेड या अक्षरांनी होते. झिपच्या गाठोड्याची पी आणि के अशी होते, आणि मोबाईलचं ॲप हेही आतून एक झिपचं गाठोडंच असतं. चांगला सर्व्हर नावावर विसंबत नाही, ही सुरुवात वाचतो.

चौथी तपासणी अँटिव्हायरसची. आधी सापडलेल्या व्हायरसच्या खुणांशी फाईल ताडून बघतात. आणि जिथं खर्च परवडतो तिथं पाचवी : संशयी फाईल एका बंदिस्त कॉम्प्युटरमध्ये मुद्दाम उघडून ती काय उद्योग करते ते बघतात. नवीन बियाणं आपण आधी एका वाफ्यात टाकून बघतो, त्यातलाच प्रकार.

एवढं करूनही काही फाईली अशा राहतात की धड चांगल्या म्हणता येत नाहीत, धड वाईट म्हणता येत नाहीत. उदाहरणार्थ पासवर्ड लावलेली झिप. सर्व्हरला ती उघडता येत नाही, म्हणून आत काय आहे ते दिसत नाही. भामटे हे जाणून असतात. ते झिपला पासवर्ड लावतात आणि तोच पासवर्ड मेलच्या मजकुरात लिहून देतात. अशा फाईली सर्व्हर बाजूला थांबवून ठेवतो. मग जबाबदार माणूस बघतो, पाठवणाऱ्याला विचारतो आणि सोडायची की टाकून द्यायची ते ठरवतो.

म्हणजे निकाल तीन. जाऊ द्या, परत लावा, थांबवून ठेवा. यातलं तिसरं सगळ्यात कामाचं, आणि आपल्या मोबाईलवर नेमकं तेच नाही.

ही राखण ठेचा लागून आलेली आहे

4 मे 2000 रोजी 'आय लव्ह यू' नावाचा मेल जगभर फिरला. सोबत प्रेमपत्राची फाईल होती. नावात आधी टीएक्सटी म्हणजे साधा मजकूर आणि त्याच्या शेवटी खरं टोपण व्हीबीएस, म्हणजे प्रोग्राम. बऱ्याच कॉम्प्युटरवर शेवटचं टोपण दिसतच नव्हतं. लोकांनी उघडलं. प्रोग्राम चालू झाला, त्यानं फाईलींची नासाडी केली आणि त्या माणसाच्या ओळखीच्या सगळ्यांना स्वतःच मेल पाठवून दिला. पुढच्या माणसाला तो ओळखीच्याकडून आला म्हणून त्यानंही उघडला. ब्रिटिश पार्लमेंटला आपली मेल यंत्रणा बंद ठेवावी लागली. हा व्हायरस फिलिपाईन्समधून निघाला होता आणि तिथं तेव्हा असा गुन्हा बसवायला कायदाच नव्हता. आपला माहिती तंत्रज्ञान कायदाही त्याच वर्षीचा, 17 ऑक्टोबर 2000 पासून लागू झालेला.

त्यानंतर मायक्रोसॉफ्टनं आपल्या आउटलुकमध्ये चालणाऱ्या फाईली अडवायला सुरुवात केली.

पंचवीस वर्षं झाली, पण हिंगोलीची पत्रिका आणि ते प्रेमपत्र यांची रीत एकच आहे. गोड निमित्त, फसवं नाव, आणि आत चालणारा प्रोग्राम.

महाराष्ट्र सरकारलाही हा फटका बसलेला आहे. मे 2016 मध्ये मुंबईला मंत्रालयात महसूल आणि सार्वजनिक बांधकाम या खात्यांचे सुमारे दीडशे कॉम्प्युटर 'लॉकी' नावाच्या व्हायरसनं बाधित झाले. हा लॉकी फाईलींना कुलूप घालायचा आणि किल्लीसाठी पैसे मागायचा. तो पसरायचा मुख्यतः मेलला जोडलेल्या फाईलीतून. बिल आलंय, बघा, असं म्हणून वर्डची फाईल यायची. उघडली की वरती एक सूचना, हे चालू करा म्हणजे मजकूर दिसेल. चालू केलं की कुलूप. त्याच वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेतल्या हॉलीवूड प्रेस्बिटेरियन या रुग्णालयानं अशाच कुलपापायी 40 बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे 17 हजार डॉलर, मोजले होते.

बांगलादेशच्या मध्यवर्ती बँकेचं प्रकरण तर अजून मोठं. तिथल्या कर्मचाऱ्यांना नोकरीच्या अर्जाचे मेल आले होते. बायोडाटा म्हणून दिलेल्या फाईलीतून चोर बँकेच्या यंत्रणेत शिरले, वर्षभर आत दबून बसले आणि फेब्रुवारी 2016 मध्ये 8 कोटी 10 लाख डॉलर घेऊन गेले.

आणि ही दूरची गोष्ट म्हणून सोडून देऊ नका. पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट 2018 मध्ये व्हायरस सोडून 94 कोटी 42 लाख रुपये नेले. जानेवारी 2021 मध्ये आपल्या नांदेडच्या शंकर नागरी सहकारी बँकेच्या खात्यातून सुमारे 14 कोटी रुपये परस्पर वळते झाले. प्रत्येक ठिकाणी शिरायची वाट वेगवेगळी असते. पण पैसा जिथं आहे तिथं हे लोक पोचतात, मग ते पुणं असो की नांदेड.

चाळणी फार बारीक केली की लोक कुंपण ओलांडतात

आता उलटी बाजू बघा. सर्व्हरवर कडक नियम लावले की खरी कागदपत्रंही अडकतात. ठेकेदाराची निविदा अडकते, शाळेचा निकाल अडकतो, तालुक्याहून जिल्ह्याला चाललेला तक्ता अडकतो. अडकलेली फाईल सोडणारा माणूस जिल्ह्याला किंवा मुंबईला बसलेला. त्याला फोन लागत नाही. इकडं साहेब म्हणतात, अर्ध्या तासात माहिती पाहिजे.

मग बाबू काय करतो? व्हॉट्सॲपवर टाकतो. नाहीतर स्वतःच्या जीमेलवरून पाठवतो. नाहीतर पेनड्राईव्ह घेऊन मोटारसायकलला किक मारतो. काम होतं. पण जी फाईल तपासायला यंत्रणा उभी केली, ती फाईल तपासणीच्या बाहेरून निघून गेली. गेट कडक आणि शेजारी कुंपणाला भगदाड.

सरकारी कामासाठी सरकारी मेल वापरायचा, खासगी नाही, असं केंद्राचं ई-मेल धोरण 2014 पासून आहे. अलीकडं केंद्राच्या सुमारे 12 लाख कर्मचाऱ्यांचे मेल झोहो या भारतीय कंपनीनं तयार केलेल्या यंत्रणेवर नेले. वरच्या पातळीवर काळजी घेतली जाते, हे खरं. पण गाव पातळीवर तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक, आशाताई, अंगणवाडीताई, मास्तर यांचं रोजचं काम स्वतःच्या मोबाईलवर, स्वतःच्या व्हॉट्सॲपवर चालतं. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना वरून आदेशही तिथंच येतात.

म्हणून ऑफिसात ज्यांना मेलचा ताबा आहे, त्यांनी एक धडा घ्यायला पाहिजे. अडवणं सोपं आहे, पण अडवलेल्यातलं खरं लवकर सोडणं ही अर्धी राखण आहे. थांबवलेली फाईल तासाभरात कुणीतरी बघितली, पाठवणाऱ्याला कळवलं की ही का थांबली आणि कशी पाठवायची, तर माणूस दुसरी वाट शोधत नाही. नाहीतर यंत्रणा कागदावर कडक आणि प्रत्यक्षात रिकामी.

व्हॉट्सॲपवर चाळणी का नाही

बरेच जण विचारतात, जीमेल अडवतो तर व्हॉट्सॲप का अडवत नाही? यात कंपनीचा आळस एवढंच कारण नाही.

मेल म्हणजे सर्व्हरच्या दृष्टीनं उघडं पाकीट. त्यामुळं मधला राखणदार ते वाचू शकतो. व्हॉट्सॲपचा मेसेज पाठवणाऱ्याच्या मोबाईलमध्ये कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या मोबाईलमध्येच उघडतो. मधे कंपनीलाही आत काय आहे ते दिसत नाही. आपलं बोलणं कुणी वाचू नये म्हणून ही सोय आहे, आणि ती चांगली आहे. पण त्याच सोयीमुळं मधल्या वाटेवर फाईल तपासणारा कुणी नाही. तपासणी व्हायची ती शेवटच्या टोकाला, म्हणजे तुमच्या हातातल्या मोबाईलवर. तिथं राखणदार तुम्हीच.

त्यात व्हॉट्सॲपवर 2 जीबीपर्यंतची फाईल जाते आणि एका ग्रुपमध्ये 1,024 माणसं बसतात. म्हणजे एक खराब फाईल एका दाबात अख्ख्या गावाच्या खिशात.

ही एपीके फाईल काय करते, ते सरळ सांगतो. ती नुसती आली म्हणून काही होत नाही. तुम्ही दाबता. मोबाईल विचारतो, अनोळखी ठिकाणचं ॲप बसवायचं का. तुम्ही हो म्हणता. मग ॲप म्हणतं, मेसेज वाचायची परवानगी द्या. तुम्ही देता. तिथं खेळ संपला. बँकेचा ओटीपी तुमच्या मोबाईलवर येतो आणि त्याच सेकंदाला चोराकडं जातो. काही ॲप आपलं चिन्हच लपवतात, म्हणजे शोधूनही सापडत नाहीत. काही कॉल दुसऱ्या नंबरवर वळवतात.

त्यानंतरची चाल तर अजून वाईट. ओटीपी हातात आला की चोर तुमचं व्हॉट्सॲपही स्वतःकडं चालू करतो आणि तीच फाईल तुमच्या नावानं सगळ्या ग्रुपमध्ये टाकतो. लोक म्हणतात, अरे हे तर आपल्या सरांनी टाकलंय. म्हणून 'ओळखीच्या नंबरवरून आलंय' ही आता खात्री राहिलेली नाही.

नावं कशी देतात तेही बघा. पीएम किसान, आरटीओ चलन, बँकेची केवायसी, वीज बिल, लग्नपत्रिका. ज्या वेळी लोक ज्या गोष्टीची वाट बघत असतात, त्या वेळी त्या नावाची फाईल येते. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात पुरानं हाहाकार केला आणि सप्टेंबरात सगळ्या मराठवाड्यात शिवारं पाण्याखाली गेली. त्यानंतर माणूस अनुदानाच्या यादीत आपलं नाव शोधत बसलेला. त्याच महिन्यात लाडक्या बहिणीची ई-केवायसी सुरू झाली आणि तिच्या नावानं खोट्या वेबसाईट निघाल्याचे इशारे द्यावे लागले. गरजेच्या वेळी माणूस घाई करतो. भामट्याला तेवढीच घाई पाहिजे असते.

हेक्टरी मदत खात्यावर पडायची, आणि ती पडायच्या आधीच खात्याची किल्ली दुसऱ्याकडं गेलेली. असं झालं तर तो शेतकरी रब्बीचं बी कशानं आणणार? इथं प्रश्न मोबाईलचा नाही, पुढच्या पेरणीचा आहे.

ग्रुप ॲडमिनचं काम किती आणि जबाबदारी किती

मेलच्या सर्व्हरला जसा फाईल थांबवणारा माणूस असतो, तसा व्हॉट्सॲप ग्रुपला ॲडमिन असतो. पण दोघांच्या हातातली ताकद वेगळी.

2021 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात सांगितलं की सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल केवळ ॲडमिन आहे म्हणून कुणाला गुन्हेगार धरता येणार नाही. दोघांचं संगनमत असेल तर गोष्ट वेगळी. कारण ॲडमिनला माणूस घेता येतो, काढता येतो, पण मजकूर पडायच्या आधी तो तपासता येत नाही. न्यायालयाचं म्हणणं रास्तच होतं.

पण त्यानंतर एक बदल झाला. 2022 मध्ये व्हॉट्सॲपनं ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकायची सोय दिली. फक्त ॲडमिनच मेसेज टाकतील अशी सेटिंग तर 2018 पासून आहे. नवीन माणूस आला तर ॲडमिननं आधी मंजुरी द्यायची, ही सोयही आता आहे. म्हणजे कायद्यानं ॲडमिन प्रत्येक मेसेजला बांधील नसला, तरी हातात काहीच नाही असं आता म्हणता येत नाही.

मेलच्या यंत्रणेतले ते तीन निकाल आपण गावच्या ग्रुपला लावू शकतो का? बऱ्याच अंशी लावू शकतो. खर्च एक रुपयाचाही नाही.

गावच्या ग्रुपसाठी पाच नियम

1. सूचनेचा ग्रुप वेगळा, गप्पांचा वेगळा. ग्रामपंचायत, तलाठी सज्जा, शाळा, सोसायटी यांच्या सूचनेच्या ग्रुपवर फक्त ॲडमिननंच टाकायचं. सुप्रभात, वाढदिवस, राजकारण दुसऱ्या ग्रुपवर. यानं निम्मा धोका कमी होतो.

2. ग्रुपवर एपीके फाईल टाकायचीच नाही, कुणीच नाही. सरपंचानं टाकली तरी ॲडमिननं काढायची. सरकारी ॲप लागलं तर नाव सांगायचं, म्हणजे माणूस स्वतः प्ले स्टोअरवर जाऊन घेईल. फाईलच्या नावात शेवटी ए, पी, के ही तीन इंग्रजी अक्षरं दिसली की हात लावायचा नाही. मधे पीडीएफ लिहिलेलं असलं तरी शेवट बघायचा. दाव्याचं टोक जिकडं बांधलेलं असतं, बैल तिकडंच असतो.

3. यादी, शासन निर्णय, फॉर्म फोटो किंवा पीडीएफमध्येच टाकायचा, आणि तो कुठून आला हे एका ओळीत लिहायचं. कुणी दिला, कोणत्या तारखेला. ज्यावर हे लिहिलेलं नाही ते पुढं ढकलायचं नाही. यादीत लोकांचे खाते नंबर, आधार नंबर असतील तर ती ग्रुपवर टाकायचीच नाही, ग्रामपंचायतीत लावायची. त्या नंबरांचा उपयोग आपल्यापेक्षा चोराला जास्त.

4. संशय आला तर थांबवायचं. ज्याच्या नंबरवरून फाईल आली त्याला साधा फोन करायचा, व्हॉट्सॲप कॉल नाही. 'दादा, तुम्हीच पाठवलं का?' एवढंच विचारायचं. बहुतेक वेळा उत्तर येतं, 'नाही बा, मी तर शेतात आहे.' त्यातच सगळं कळतं.

5. ॲडमिन दोन पाहिजेत, आणि त्यातला एक तरी गावात राहणारा, दिवसा मोबाईल बघणारा. पुण्याला नोकरीला गेलेला आणि आठ दिवसांनी ग्रुप उघडणारा ॲडमिन म्हणजे कुलूप असून किल्ली हरवल्यासारखं.

घरच्या मोबाईलवर आणखी एक काम करा. सेटिंगमध्ये 'अनोळखी ॲप इन्स्टॉल करा' अशा अर्थाचा पर्याय असतो. तिथं व्हॉट्सॲप, क्रोम, फाईल मॅनेजर या सगळ्यांसमोर तो बंद करून ठेवा. प्ले स्टोअरमध्ये वर आपल्या फोटोवर दाबलं की प्ले प्रोटेक्ट दिसतं, ते चालू ठेवा. घरातल्या वडीलधाऱ्यांचा आणि लेकरांचा मोबाईलही बघा, कारण बँकेला जोडलेलं सिम बऱ्याच वेळा त्यांच्याकडंच असतं.

दाबली गेलीच तर

लाजू नका. लपवण्यात जो वेळ जातो तोच वेळ चोराला मिळतो.

आधी मोबाईलचं नेट बंद करा, विमानाचं चिन्ह दाबा, जमलं तर सिम काढा. दुसऱ्याच्या मोबाईलवरून 1930 ला फोन लावा. ही सायबर फसवणुकीची देशभराची हेल्पलाईन आहे. पैसे एका खात्यातून दुसऱ्या, तिसऱ्या खात्यात सरकायच्या आत कळवलं तर ते वाटेत गोठवता येतात. म्हणून पहिला तास सोन्याचा. मग बँकेला सांगून खातं, कार्ड, यूपीआय बंद करा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. पोलिसात लेखी तक्रार द्या.

सिम दुसऱ्या साध्या मोबाईलमध्ये घालून ##002# डायल केलं की वळवलेले कॉल रद्द होतात. व्हॉट्सॲपमध्ये 'जोडलेली उपकरणं' तपासा. मोबाईल पूर्ण रीसेट केल्याशिवाय त्यावर पुन्हा बँकेचं काम करू नका. आणि गावच्या ग्रुपवर दुसऱ्याकडून सांगा की माझ्या नंबरवरून काही आलं तर उघडू नका.

बँकेच्या जबाबदारीबद्दल रिझर्व्ह बँकेनं 2017 मध्ये नियम घालून दिले. चूक बँकेची असेल, किंवा मधल्या यंत्रणेची असेल आणि तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर ग्राहकाचं नुकसान शून्य. पण ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळं पैसे गेले, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. बँक नेमकं हेच म्हणते, ॲप तुम्हीच बसवलं. म्हणून कळवल्याची वेळ कागदावर असणं फार गरजेचं.

प्रशासनाकडं एक मागणी

सगळा भार गावकऱ्यांवर टाकून चालणार नाही. शासन गावाशी व्हॉट्सॲपवर बोलतं, तर त्याची रीत शासनानंच ठरवून द्यायला पाहिजे. गावागावांत सूचनेचा एक अधिकृत ग्रुप असावा, त्याच्या ॲडमिनचं नाव आणि नंबर ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिलेला असावा. कोणतंही सरकारी खातं एपीके फाईल कधीच पाठवणार नाही, असं जिल्हाधिकारी कार्यालय आणि जिल्हा परिषदेनं एकदा लेखी जाहीर करावं. ते जाहीर झालं की गावातल्या अडाणी माणसालाही एकच नियम पुरतो : सरकारच्या नावानं ॲपची फाईल आली म्हणजे ती खोटी. आणि तालुक्याच्या ऑफिसात मेलमध्ये अडकलेला कागद सोडवायला एक नेमलेला माणूस आणि त्याचा लागणारा फोन द्यावा, म्हणजे बाबूला कुंपण ओलांडायची वेळ येणार नाही.

तोपर्यंत थांबायचं कारण नाही. येत्या ग्रामसभेत हा विषय घ्या. ग्रुपचे नियम वाचून दाखवा, ॲडमिन नेमा, ठराव करा. रानडुकरं येतात म्हणून आपण रात्र रात्र जागल करतोच. पिकाचा पैसा आता मोबाईलमध्ये येऊन पडतो, तेव्हा एक जागल तिथंही लावावी लागेल.